डावं पान डोळ्यांचं, उजवं कानांचं: वसंतातली रानफुलं आणि त्यांच्या गोष्टी कशा जमवाव्यात

माझ्या वहीचं डावं पान डोळ्यांचं आहे आणि उजवं कानांचं. डावीकडे फक्त पाहिलेलं लिहायचं: तारीख, जागा, झाडाला पानं आहेत की गळाली, फुलावर कोण येऊन बसलं. उजवीकडे त्याच झाडाबद्दल ऐकलेलं किंवा वाचलेलं. दोन्ही पानं एकमेकांत मिसळायची नाहीत, हा एकच नियम मी कडकपणे पाळते. बाकी सगळं जमेल तसं.

मी जुन्नरच्या शाळेत सत्तावीस वर्षं मराठी शिकवलं. किंशुक म्हणजे पळस, हे मुलांना कितीदा सांगितलं असेल. पण पळसाचं फूल तळहातावर घेऊन, उलटंपालटं करून पाहिलं ते निवृत्तीनंतरच्या पहिल्या माघात, चावंडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. त्या दिवशी ‘किं शुकः’, म्हणजे ‘हा पोपट की काय?’, हा प्रश्न ज्याला पहिल्यांदा पडला त्याने किती जवळून पाहिलं असेल, ते कळलं. तेव्हापासून मला वाटत आलंय की फुलांच्या बहुतेक गोष्टींच्या पोटात कुणाचं तरी नीट पाहिलेलं दडलेलं असतं. आपण झाडाखाली उभं राहायचं आणि ते शोधायचं. हे कसं करायचं, ते सांगते.

कधी निघायचं आणि कुठे पाहायचं

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. झाडांचा त्याआधीच सुरू होतो. वसंत पंचमीही माघातच येते, तेव्हा ती तारीख धरून वही उघडा. माघ शुद्ध पंचमीपासून गुढीपाडव्यापर्यंत दर आठवड्याला एक फेरी, आणि तीही त्याच वाटेने. दर वेळी नवी जागा शोधण्यापेक्षा एकच दोन-तीन किलोमीटरची वाट सात-आठ वेळा चाललेली बरी. कळी, फूल, गळलेलं फूल, शेंग असं सगळं एकाच झाडावर दिसतं, आणि वाटेवरची माणसंही ओळखीची होतात. गोष्टी अनोळखी बाईला कुणी सांगत नाही.

थंड देशांतल्या जंगलात वसंताची पहिली फुलं जमिनीवर येतात. वरच्या झाडांना पानं फुटून सावली पडायच्या आत त्यांना ऊन गाठायचं असतं. आपल्या सह्याद्रीत उलटं आहे. जमीन तापलेली, गवत वाळलेलं, त्यामुळे जमिनीवरच्या फुलांचा काळ म्हणजे पावसाळा. वसंत झाडांचा. ज्यांची मुळं खोल, त्यांनाच आता फुलणं परवडतं, आणि त्यातली कितीतरी आधी पानं गाळून मोकळी होतात. मग उघड्या फांद्यांवरचा लाल-केशरी रंग पाखरांना लांबून दिसतो. म्हणून मान वर करायची सवय लावून घ्या.

सकाळी उजाडता उजाडता झाडाखाली पोहोचा. नऊनंतर पाखरं पांगतात आणि ऊन डोक्यावर येतं. बरोबर दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, पाणी, टोपी, पेन्सिल. पेन नको, घामाने शाई पसरते. अत्तर, सुवासिक तेल लावून जाऊ नका. काटेसावरीच्या उंच फांद्यांना आग्या मोहोळ लटकलेलं असतं, आणि त्या माशांना डिवचल्यावर पळायला जागा मिळत नाही. आधी झाडाखाली लांबून नजर टाका, मोहोळ दिसलं तर दुसरं झाड बघा. आणि फांदी मोडायची नाही. पाहायला जे हवं ते सगळं खाली पडलेलं असतं.

पळस

सुरुवात पळसापासूनच करा. खाली पडलेलं ताजं फूल उचला. देठाकडे काळपट मखमली टोपी, तो पुष्पकोश. लांबून पळसाच्या फांद्या जळून कोळसा झाल्यासारख्या आणि वर निखारे फुलल्यासारख्या दिसतात त्या या टोप्यांमुळे. मग पाकळ्या: एक मोठी मागे वळलेली, दोन बाजूच्या, आणि खाली दोन जोडून झालेली बाकदार चोच. हीच पोपटाची चोच. ती नखाने हलकेच उघडा. आत दहा पुंकेसर आहेत, त्यातले नऊ बुडाशी एकमेकांना चिकटलेले आणि एक सुटा. भिंगातून मोजा. मग फूल नाकाशी धरा. वास नाही. ‘विद्याहीना न शोभन्ते निर्गन्धा इव किंशुकाः’ हे सुभाषित आपण पाठ केलं, पण रूप असून गुण नसलेल्याला पळसाची उपमा देणाऱ्याने पळसावर अन्यायच केला असं मला वाटतं. पाखरांसाठी उमललेल्या फुलाला वासाची गरज नसते. सकाळी अर्धा तास थांबा. मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, खारी असा सगळा गोतावळा मधासाठी येतो.

आता उजवं पान. ‘कुठेही जा, पळसाला पानं तीनच’ हे तुम्हाला माहीत आहेच. त्या तीन दलांत कुणी ब्रह्मा-विष्णू-महेश पाहतात. पण त्याहून जुनी एक गोष्ट शतपथ ब्राह्मणात आहे. गायत्री पाखरू होऊन स्वर्गातून सोम आणायला उडाली. सोम घेऊन येताना रखवाल्याने बाण मारला, एक पर्ण तुटून खाली पडलं आणि त्याचा पळस झाला. ‘पर्ण’ म्हणजे पानही आणि पीसही, आणि पळसाचं जुनं नावही पर्णच. मुंजीत बटूच्या हातात पळसाचा दंड देतात आणि गायत्री मंत्रही तिथेच देतात, त्याची मुळं इथवर जातात. गायत्री छंदाला चरण तीन, पळसाच्या पानाला दलं तीन. हे जोडून मी वर्गात कधीच शिकवलं नाही, आणि आता त्याची रुखरुख वाटते.

जुन्नरकरांना आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्याच मातीतली आहे. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त, माहाराष्ट्री प्राकृतात, एक गाथा आहे. पोपटाच्या चोचीसारख्या पळसफुलांनी जमीन अशी शोभते, जणू बुद्धाच्या पायांशी वंदन करायला भिक्षूंचा संघच लवला आहे. चोचीची उपमा तिथेही आहेच, पण भिक्षूंसाठी पडलेल्या फुलांकडे पाहावं लागतं. केशरी, दुमडलेलं, पालथं पडलेलं फूल खरंच चीवर पांघरून साष्टांग घातलेल्या माणसासारखं दिसतं. जुन्नरच्या आसपास दोनशेहून जास्त लेणी कोरलेली आहेत आणि त्यातली बहुतेक बौद्ध. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. मी मानमोडीच्या डोंगराकडे जाताना एका पळसाखाली ही गाथा मोठ्याने म्हटली. कवी नेमका इथे उभा होता की नाही याने मला फरक पडत नाही. त्याने खाली पाहिलं होतं, हे नक्की.

तेव्हा पळसाखाली करायच्या गोष्टी अशा. एकदा वर पाहा, एकदा खाली. पानं फुटली की तिन्ही दलं मोजा: मधलं मोठं आणि दोन्ही बाजूंनी सारखं, बाजूची दोन तिरकी. वैशाखाकडे शेंग मिळाली तर उघडून बघा. चपट्या शेंगेच्या टोकाला एकच बी असतं.

रंग करायचा असेल तर पडलेली फुलं दोन ओंजळी घ्या, काळ्या टोप्या काढून टाका, पाकळ्या सावलीत वाळवा. होळीच्या आदल्या रात्री पातेलंभर पाण्यात उकळून तशाच ठेवा. सकाळी पिवळा रंग उतरलेला असतो. त्यात चिमूटभर खायचा चुना टाकला की तो केशरी होतो. चुना जास्त पडला तर कातडीला झोंबतो, म्हणून खरंच चिमूटभर.

पिवळ्या किंवा पांढऱ्या फुलांचा पळस दिसला तर जागा कुणाला सांगू नका, फोटोही ठिकाणासकट टाकू नका. त्याच्या मुळाशी धन असतं, त्याने गुप्तधन सापडतं अशा समजुतींपायी लोक साल सोलतात, मुळं खणतात आणि झाड मरतं. ही गोष्ट उजव्या पानावर लिहायलाच हवी, कारण तीही लोककथाच आहे, पण तिच्यात कुणाचं पाहिलेलं काहीच नाही.

पांगारा

पहिल्या वर्षी मी तीन ठिकाणी पांगाऱ्यालाच पळस लिहिलं होतं. तेही लाल, तेही निष्पर्ण, आणि पानं यायला लागली तर तीही तीन-तीनच. घाटघरच्या वाटेवर लाकडं घेऊन चाललेली एक आजी थांबली, माझ्या वहीकडे आणि झाडाकडे पाहिलं, आणि म्हणाली, “बाई, हात लावून बघा की.” हात लावला. खोडावर आणि फांद्यांवर काळे, टोकदार काटे. पळसाला काटा नसतो. तेवढ्यावर काम भागतं, पण फूलही पाहा. पांगाऱ्याची फुलं फांदीच्या टोकाला झुबक्यात येतात, एक पाकळी लांब आणि ठळक, पुंकेसर बाहेर काढलेले. पळसाची फुलं उघड्या फांदीवर ओळीने बसतात आणि त्यांची चोच ठसठशीत असते.

त्या तिन्ही नोंदी मी खोडल्या नाहीत. शेजारी तारीख टाकून दुरुस्ती लिहिली. तुम्हीही तसंच करा. कुठे चुकलो ते पुढच्या वर्षी उपयोगी पडतं.

पांगाऱ्याची गोष्ट नावांतच आहे. अमरकोशात पारिभद्र, मंदार, पारिजातक ही नावं एकाच झाडाला एका ओळीत दिली आहेत, आणि पारिभद्र म्हणजे पांगारा. म्हणजे कृष्णाने सत्यभामेसाठी स्वर्गातून आणलेला पारिजात म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे पांढरी, केशरी देठाची नाजूक फुलं येतात, पण जुन्या कोशात ते नाव या काटेरी, भडक झाडाला लागलेलं आहे. आणि मंदार म्हणून आज आपण रुईला ओळखतो. नाव एका झाडावरून दुसऱ्यावर उडून जातं, पाखरासारखं. म्हणून उजव्या पानावर गोष्ट लिहिताना सांगणाऱ्याने कोणतं झाड बोटाने दाखवलं, ते आवर्जून लिहा. नुसत्या नावावर विसंबू नका.

काटेसावर

माझं सगळ्यात लाडकं झाड. सरळसोट खोड, त्यावर बुडाशी रुंद असे शंकूसारखे काटे, आडव्या पसरलेल्या फांद्या, आणि माघ-फाल्गुनात एकही पान नसताना वाटीएवढी लाल फुलं. पाच जाड, मांसल पाकळ्या, आत पुंकेसरांचे जुडगे. फूल पडतं तेव्हा आवाज होतो. डोळे मिटून झाडापासून थोडं लांब बसा आणि पाच मिनिटांत किती पडली ते मोजा. मी दरवर्षी मोजते. काटे कोवळ्या झाडाला दाट आणि म्हाताऱ्या झाडाला विरळ असतात, तेही तपासा. काट्यांची गरज लहानपणीच जास्त, असं त्यावरून वाटतं.

महाभारताच्या शांतिपर्वात शाल्मलीची, म्हणजे सावरीची, गोष्ट आहे. हिमालयावर एक प्रचंड शाल्मली होता. नारदाने विचारलं, वाऱ्याने तुझी एकही फांदी कशी मोडली नाही? झाड फुशारलं, म्हणालं, वाऱ्याची ताकद माझ्यापुढे काहीच नाही. नारदाने ते वायूला सांगितलं. वायू येऊन म्हणाला, ब्रह्मदेव तुझ्याखाली विसावला होता म्हणून आजवर तुला सोडलं; उद्या बघ. रात्रभर झाड घाबरलं, आणि पहाटेच्या आत त्याने स्वतःच आपल्या फांद्या, पानं, फुलं गाळून टाकली. सकाळी वायू आला तो हसला. मी जे करणार होतो ते तूच केलंस, म्हणाला.

बलवंताशी वैर धरू नये, असा या गोष्टीचा अर्थ भीष्म युधिष्ठिराला सांगतो. असेल. मला मात्र त्यात सावर दिसते. वारा नसतानाही आपणहून उघडं होणारं, एवढं आडदांड आणि एवढं पर्णहीन झाड पाहून कुणीतरी ‘हे असं का?’ म्हणून विचारलं आणि त्या प्रश्नाला ही गोष्ट लागली. पानं शिशिरात जातात, फुलं फाल्गुनात धपाधप पडतात. झाडाखाली बसून ही गोष्ट आठवा, अंगावर काटा येतो.

पुराणांतल्या नरकात पाप्यांना काटेरी शाल्मलीला बांधतात, ती त्या कोवळ्या खोडाची गोष्ट. माझ्या सासूबाईंच्या माहेरी सावर घराजवळ ठेवत नसत. कारण विचारलं तर म्हणायच्या, “काट्याचं तोंड दाराकडं नको.” आणि काही गावांत होळीच्या मधोमध सावरीचाच वासा उभा करतात. एकच झाड पूज्य आणि टाळायचंही. असं दिसलं की दोन्ही बाजू लिहा, एक निवडू नका.

वाटेवरची बाकीची

खडकाळ उतारावर पानाविना मोठी पिवळीधमक, रेशमी फुलं दिसली तर ती सोनसावर, म्हणजे गणेर. नाव सावरीचं, कापूसही निघतो, पण घराणं वेगळं. धायटी कमरेएवढी असते, काटक्यांना चिकटून लाल नळ्या. गुराखी पोरं ती चोखतात, आणि आसव-अरिष्टं आंबवायला वैद्य हीच फुलं घालतात. करवंदाचं पांढरं फूल भिरभिऱ्यासारखं पिळलेलं असतं. जाळीपाशी थांबलात तर वास आधी येतो आणि फूल मागून दिसतं.

रुई तर घराच्या कुंपणालाच सापडेल. मारुतीच्या माळेतलं ते फूल भिंगाखाली धरलं की मधोमध पाच कोनांचा मुकुट दिसतो, इतका कातीव की कोरल्यासारखा वाटतो. तिसरं लग्न करणाऱ्या पुरुषाचं आधी रुईशी लग्न लावायची रीत होती, तो अर्कविवाह. तिसरीवर येणारं संकट झाडाने घ्यावं म्हणून. ही गोष्ट मला एका शेजारणीने सांगितली आणि सांगून झाल्यावर बराच वेळ गप्प बसली. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार घातक आहे. हात धुतल्याशिवाय भिंगही डोळ्याला लावू नका.

अशोक पाहायचा तर खरा. बंगल्यांच्या कुंपणाला रांगेत उभा असतो तो नव्हे. खरा अशोक कोकणात ओढ्याकाठी, सावलीत वाढतो, किंवा एखाद्या जुन्या बागेत लावलेला मिळतो. फुलं आधी केशरी-पिवळी, मग लाल होत जातात, म्हणून एकाच झुबक्यात सगळ्या छटा. गंमत म्हणजे त्याला पाकळ्याच नसतात, रंग पुष्पकोशाचा. सुंदर स्त्रीने डाव्या पायाचा प्रहार केला की अशोक फुलतो, असा संस्कृत कवींचा संकेत. कालिदासाची मालविका ते करतेही. मी बरीच वर्षं याला निव्वळ शृंगार समजत होते. मग एका जुन्या अशोकाला पार खाली, खोडातून, माझ्या गुडघ्याइतक्या उंचीवर फुलाचा झुबका फुटलेला पाहिला. पाय लागतो तिथेच फूल! हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही, म्हणून तो वहीत तिसऱ्या रंगाच्या पेन्सिलीने लिहिला आहे. तुमच्या अंदाजांनाही वेगळा रंग ठेवा.

गोष्ट कशी विचारायची

“या झाडाची लोककथा सांगता का?” असं विचारलं की समोरचा माणूस एकतर लाजतो किंवा मोबाइलवर वाचलेलं सांगतो. त्याऐवजी कामाचं विचारा. हे लाकूड चुलीत घालता का? हे फूल देवाला चालतं का, कोणत्या? दारात लावाल का? होळीत काय घालता? लहानपणी याचं काय खेळायचात? “नाही, हे घरात आणत नाहीत” असं उत्तर आलं की हळूच “का बरं?” म्हणा आणि मग बोलू नका. गप्प बसणं मला शिकायला वेळ लागला. शिक्षकाला पटकन उत्तर भरून द्यायची सवय असते.

सांगणाऱ्याला दुरुस्त करू नका. पुस्तकात वेगळं आहे हे तुम्हाला माहीत असेल, तरी त्या वेळी ते सांगायचं नाही. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा: ‘पळस’ला कुणी ‘फळस’ म्हणालं तर ‘फळस’. गाव, साधारण वय, तारीख लिहा. नाव विचारून, चालत असेल तरच. मग दुसऱ्या कुणाला, दुसऱ्या दिवशी, तेच विचारा. दोघांचं जुळलं तर आनंद, नाही जुळलं तर दोन गोष्टी मिळाल्या.

‘पळस म्हणजे उत्कट प्रेम, करवंद म्हणजे निरागसता’ अशा तयार याद्या फिरत असतात. त्या वहीत घेऊ नका. त्यांना गाव नसतं, सांगणारा नसतो, आणि झाडाखाली नेऊन तपासावं असं त्यांत काही नसतं.

तपासण्यासारखी एक देते. बहावा फुलला की साधारण दीड-दोन महिन्यांत पाऊस येतो, असं आमच्याकडे सगळे सांगतात. बहावा चैत्र-वैशाखात फुलतो आणि पाऊस ज्येष्ठात येतो, तेव्हा ढोबळ हिशेब जुळणारच. मी रस्त्यावरच्या एकाच बहाव्याचा पहिला पूर्ण बहर आणि अंगणातल्या पहिल्या मोठ्या पावसाची तारीख लिहीत आले आहे. कधी छान जुळलं, कधी दोन-तीन आठवड्यांचा फरक पडला, आणि एका वर्षी तो अवेळीच पुन्हा फुलला. ज्यांनी मला हे सांगितलं ते आजोबा दरवर्षी विचारतात, “काय बाई, यंदा किती दिवस?” आम्ही दोघं वही उघडून मोजतो. तुमच्या रस्त्यावर बहावा असेल तर एक झाड निवडा, खोडावर काही कोरू नका, समोरच्या खांबाची किंवा दगडाची खूण लिहून ठेवा, आणि पहिली पिवळी माळ लोंबली की तारीख टाका.